रेणू तोच, किंमत वेगळी : भारतीय औषधांच्या किमतींचा इतिहास

सोराफेनिब हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या प्रगत कर्करोगावरील औषध. २०१२ च्या आरंभी भारतात त्याच्या एका महिन्याच्या गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. त्या वर्षी ९ मार्च रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला आणि हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीला तेच औषध महिना नऊ हजार रुपयांहून कमी किमतीत विकण्याची मुभा मिळाली. किंमत तीस पटींहून अधिक उतरली. मधल्या काळात रेणू बदलला नव्हता, तो तयार करण्याची रसायनक्रियाही सोपी झाली नव्हती. बदलले होते ते इतकेच, की तो रेणू कोणी बनवावा याविषयीचे कायद्याचे उत्तर.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना औषधाच्या किमतीविषयी विचारले, तर बहुतेक जण संशोधनाचा खर्च, कच्चा माल, कारखाना असे घटक मोजू लागतात. ते घटक खरे आहेत. पण त्यांच्या बेरजेतून तीस पटींचा फरक निघत नाही. तो समजून घ्यायचा असेल तर इतिहासाकडे वळावे लागते. भारतातील हा इतिहास विज्ञान, न्यायालये आणि संसद या तिन्हींमधून जातो.

स्वतंत्र भारताला मिळालेला कायदा

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात १९११ चा पेटंट कायदा लागू होता. या कायद्याखाली औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळवता येत असे. पेटंटधारकाने ते औषध भारतात बनवलेच पाहिजे, अशी सक्ती व्यवहारात नव्हती. परिणामी परदेशी कंपन्या पेटंट भारतात नोंदवीत, औषध बाहेरून आणीत, आणि दुसऱ्या कोणी ते येथे बनवू पाहिल्यास त्याला न्यायालयात खेचीत.

याचे एक बोलके उदाहरण मुंबईचे आहे. मधुमेहावरील टोलब्युटामाइड हे औषध बनवण्याची एक पद्धत परळच्या हाफकिन संस्थेत विकसित झाली होती आणि तिच्या आधारे युनिकेम या भारतीय कंपनीने उत्पादन सुरू केले. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने पेटंटभंगाचा दावा लावला. १९६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेक्स्टच्या बाजूने निकाल दिला. त्या काळच्या कायद्याला धरून तो निकाल होता. म्हणूनच कायदाच तपासून पाहण्याची गरज अधिक स्पष्ट झाली.

तपासणी खरे तर त्याआधीच सुरू झाली होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्याकडे केंद्र सरकारने पेटंट कायद्याच्या फेरविचाराचे काम सोपवले आणि १९५९ मध्ये त्यांचा अहवाल आला. भारतातील ऐंशी ते नव्वद टक्के पेटंटे परदेशी व्यक्तींच्या वा कंपन्यांच्या नावावर आहेत आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात प्रत्यक्ष वापरच होत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे मक्तेदारीचा भार भारतीय ग्राहक वाहत होता, पण तिच्या मोबदल्यात मिळायला हवे ते तंत्रज्ञान आणि उद्योग देशात येत नव्हते.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये एस्टिस केफॉव्हर यांच्या अध्यक्षतेखालील उपसमिती औषधांच्या किमतींची चौकशी करीत होती. तिच्या १९६१ च्या अहवालात भारताचा उल्लेख आहे, आणि तो सुखावणारा नाही: औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांमध्ये भारताची गणना होते, असे निरीक्षण त्यात नोंदवले आहे. जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या देशात औषधे मात्र जगातील सर्वांत महाग, हे चित्र कोणत्याही अर्थशास्त्राला लाजवणारे होते.

शिखर एक, वाटा अनेक

अय्यंगार यांनी सुचवलेला उपाय रसायनशास्त्राच्या स्वरूपाशी जुळणारा होता. एखाद्या रेणूपर्यंत पोहोचण्याचे संश्लेषणाचे मार्ग सहसा एकाहून अधिक असतात. त्यांनी म्हटले, की औषधांच्या बाबतीत पेटंट मिळावे ते विशिष्ट मार्गाला, म्हणजे प्रक्रियेला. शिखराला, म्हणजे रेणूला नव्हे. दुसऱ्या कोणी वेगळी वाट शोधली तर त्याला मज्जाव नसावा. ही कल्पना भारतीय बंडखोरीतून आलेली नव्हती. जर्मनीने स्वतः १९६८ पर्यंत, जपानने १९७६ पर्यंत आणि स्वित्झर्लंडने १९७७ पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंट दिले नव्हते. जर्मन व स्विस रसायन उद्योग ज्या नियमांच्या सावलीत वाढले, तेच नियम अय्यंगार भारतासाठी मागत होते.

अहवालापासून कायद्यापर्यंत अकरा वर्षे गेली. १९६५ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बाद झाले. १९६७ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. अखेर १९७० मध्ये पेटंट कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधांसाठी आता केवळ प्रक्रियेचे पेटंट, आणि तेही अर्जाच्या तारखेपासून सात वर्षे किंवा पेटंट बहाल झाल्यापासून पाच वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्यापुरते.

या कायद्याला भारतीय औषधउद्योगाचा जन्मदाखला म्हणण्याची पद्धत आहे. ती अर्धीच बरोबर आहे. कायदा दार उघडू शकतो. आत चालत जाण्यासाठी पाय लागतात. ते पाय आधीच्या दोन दशकांत सार्वजनिक पैशातून घडवले गेले होते. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल उभी राहिली. तिचे कारखाने ऋषिकेश आणि हैदराबाद येथे आले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था आणि हैदराबादची प्रादेशिक प्रयोगशाळा यांनी रसायनतज्ज्ञांची एक पिढी तयार केली. हैदराबाद आज औषधउद्योगाची राजधानी मानली जाते, त्यामागे आयडीपीएलमधून बाहेर पडून स्वतःचे कारखाने काढणाऱ्या तंत्रज्ञांचा मोठा वाटा आहे.

सोबतीला किंमत नियंत्रण होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर औषधांच्या किमतींवर पहिले निर्बंध आले, १९७० मध्ये सर्वंकष आदेश निघाला आणि १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली आणली. पुढे ही संख्या १९८७ मध्ये १४२ आणि १९९५ मध्ये ७४ पर्यंत खाली आली. १९७० च्या सुमारास भारतीय बाजारात बहुराष्ट्रीय कंपन्यांचा हिस्सा जवळजवळ दोन तृतीयांश होता. या शतकाच्या आरंभी तो चतुर्थांशाच्या आत आला. कायदा, सार्वजनिक विज्ञान आणि किंमत नियंत्रण या तीन धाग्यांचा पीळ एकत्र बसल्यामुळे हे घडले. यांतील एकाच धाग्याला सारे श्रेय देणे इतिहासाला धरून होणार नाही.

एका डॉलरहून कमी

या धोरणाची खरी कसोटी भारताबाहेर लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रभावी ठरला. पण पाश्चात्त्य देशांत त्याचा वार्षिक खर्च एका रुग्णामागे दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत लक्षावधी माणसे मरत होती आणि औषध अस्तित्वात असूनही त्यांच्यासाठी ते नसल्यासारखेच होते.

सिप्लाची या क्षेत्रातील वाटचाल सार्वजनिक प्रयोगशाळेतूनच सुरू झाली होती. एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन हे औषध बनवण्याची प्रक्रिया हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अ. वे. रामराव यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली आणि सिप्लाने १९९३ मध्ये ते औषध बाजारात आणले. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार सीमेपलीकडील डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला; दिवसाचा खर्च एका डॉलरहून कमी. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की स्टाव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे एकाच गोळीत मिळू लागली. इतरत्र ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेटंटांत अडकलेली होती. एकत्र गोळी काढायची तर तिघांचे एकमत लागले असते. भारतात रेणूवर पेटंट नसल्याने अशा परवानगीची गरज नव्हती. स्वस्ताई तर आलीच, पण रुग्णाला घ्यायला सोपे असे औषधाचे रूपही या कायद्यामुळेच शक्य झाले.

त्याच एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर खटला भरणाऱ्या ३९ औषध कंपन्यांनी प्रिटोरियातील आपला दावा मागे घेतला. नोव्हेंबरात दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी मान्य केले, की बौद्धिक संपदेचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नये.

आता या गौरवकथेतील एक अवघड तारीख लक्षात घेऊ. भारत सरकारचा मोफत एचआयव्ही उपचार कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. सिप्लाच्या घोषणेनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. औषध मुंबईच्या कंपनीचे, प्रक्रिया भारतीय, किंमत जगात सर्वांत कमी. तरी महिन्याला हजार-दोन हजार रुपये खिशातून काढू न शकणाऱ्या भारतीय रुग्णाला ते अप्राप्यच होते. स्वस्त औषध आणि मिळणारे औषध यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते, ती म्हणजे ते औषध कोण विकत घेणार हा निर्णय. आरोग्याच्या अर्थकारणातील हा धडा आपण आपल्याच औषधावर उशिरा शिकलो.

स्फटिकाचा खटला

१ जानेवारी १९९५ रोजी भारत जागतिक व्यापार संघटनेचा संस्थापक सदस्य झाला आणि दहा वर्षांच्या मुदतीत औषधाच्या रेणूला पुन्हा पेटंट देण्याचे बंधन त्याने स्वीकारले. २००५ मध्ये कायदा त्याप्रमाणे बदलला. मात्र संसदेने त्यात कलम ३(डी) घातले: आधी ज्ञात असलेल्या पदार्थाचे नवे रूप, त्याने परिणामकारकता वाढत नसेल तर, शोध मानले जाणार नाही.

या कलमाची परीक्षा इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाने झाली. माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे असल्यामुळे हा खटला मला विशेष जवळचा वाटतो, कारण वाद एका स्फटिकाच्या रचनेवर होता. एकच रेणू घन अवस्थेत वेगवेगळ्या प्रकारे रचला जाऊ शकतो. कार्बनची हिरा आणि ग्राफाइट ही दोन रूपे आपण शाळेतच शिकतो. मूळ इमॅटिनिबचे पेटंट परदेशात १९९३ पासूनचे असल्याने भारतात ते मिळणे शक्यच नव्हते. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये अर्ज केला तो त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा स्फटिकरूपासाठी. हे रूप ऊष्मागतिकीय दृष्ट्या अधिक स्थिर आहे, हवेतील ओलावा कमी शोषते, त्याची भुकटी अधिक सहज वाहते, असे कंपनीचे प्रतिपादन होते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही सारी विधाने अर्थपूर्ण आहेत आणि गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याला त्यांचा उपयोगही आहे. प्रश्न एवढाच होता, की वीस वर्षांच्या मक्तेदारीला ती पुरेशी आहेत काय?

चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम केला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. स्थिरता वा प्रवाहिता हे गुण त्यात मोडत नाहीत, असा अर्थ न्यायालयाने लावला. नोव्हार्टिसच्या औषधाची महिन्याची किंमत सुमारे १,२०,००० रुपये होती, तर भारतीय कंपन्यांचे औषध आठ ते दहा हजारांत मिळत होते. बहुसंख्य भारतीय रुग्णांना आपण औषध मोफत देतो, हे कंपनीचे म्हणणेही नोंदवायला हवे. पण औषध कंपनीच्या दानशूरतेवर मिळणे आणि बाजारात परवडणाऱ्या किमतीत मिळणे यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक आहे, कारण दान मागे घेता येते.

सोराफेनिबचा आदेश याच काळातला. तेथे पेटंट वैध होते. परंतु पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावरही औषध जनतेच्या वाजवी गरजेइतके मिळत नाही, परवडत नाही आणि देशात त्याचा वापर होत नाही, या तिन्ही कारणांवर नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिला. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंत औषध पोहोचत होते. बायर कंपनीला विक्रीवर स्वामित्वशुल्क मिळत राहिले. अलीकडचे उदाहरण क्षयरोगाचे. २०२३ च्या मार्चमध्ये बेडाक्विलिनच्या एका क्षाररूपावरील दुय्यम पेटंटचा अर्ज भारतीय कार्यालयाने नाकारला; त्याला हरकत घेणाऱ्यांत स्वतः क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन तरुणी होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची.

जे अजून साधलेले नाही

हा सारा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. पण तो अर्धवट सांगितला तर घातक ठरेल. त्याच्या तीन बाजू उरतात.

पहिली बाजू खरेदीची. १९४६ च्या भोर समितीने म्हटले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ६४ टक्के वाटा लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, उरलेला भारही मोठा आहे. सरकारचा आरोग्यखर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता; २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे होते. कमी पैशातही काय होऊ शकते, हे तामिळनाडूने दाखवले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधे मूळ नावाने, घाऊक निविदांद्वारे, प्रयोगशाळेत तपासून विकत घेण्याची शिस्त बसवली. २०११ मध्ये राजस्थानने मोफत औषध योजनेसाठी तोच मार्ग धरला. याउलट किरकोळ बाजारात अनेकदा किंमत ठरते ती साखळीतील कमिशनवर. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयातील औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली, तेव्हा नफ्याचा सर्वांत मोठा वाटा रुग्णालयाच्या टप्प्यावर पडत असल्याचे किंमत प्राधिकरणाच्या आकडेवारीतून दिसले होते.

दुसरी बाजू गुणवत्तेची. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे चव्हाट्यावर मांडली. त्यातील विष होते डायइथिलीन ग्लायकॉल. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी घेतले, तेव्हाही विष तेच होते. हे रसायन ओळखण्याची चाचणी दशकानुदशके उपलब्ध आहे. ज्या देशाने स्वस्त औषधाचा हक्क जगापुढे मांडला, त्याने प्रत्येक बाटली तपासण्याचा खर्च टाळणे हे त्या हक्काचीच विटंबना आहे.

तिसरी बाजू विज्ञानाची. पिंपरीचा कारखाना खंगत गेला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने आयडीपीएल बंद करण्याचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स विकण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात औषधांच्या कच्च्या मालाचा मोठा भाग चीनमधून येऊ लागला आणि पेनिसिलिन-जी बनवणेच भारतात थांबले. आता उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतून ते पुन्हा उभे केले जात आहे. एकदा कमावलेले कौशल्य हातचे गेल्यावर परत मिळवण्याची किंमत अशी मोजावी लागते.

पुढचा प्रश्न

सेमाग्लुटाइड या मधुमेह व स्थूलतेवरील औषधाच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ ही आहे, आणि तिच्यामुळे औषधांच्या किमतींची चर्चा पुन्हा वृत्तपत्रांत आली. विद्यार्थ्यांनी मात्र त्यापलीकडे पाहावे. अय्यंगार यांची कल्पना एका गृहीतकावर उभी होती: रेणू आणि त्याकडे नेणारी प्रक्रिया या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लहान रेणूंबाबत ते खरे आहे. जिवंत पेशींनी बनवलेली प्रथिने किंवा रुग्णाच्याच बदललेल्या पेशी, ही आजची नवी औषधे तशी नाहीत. तेथे प्रक्रिया थोडी बदलली तर पदार्थही बदलतो. वेगळ्या वाटेने त्याच शिखरावर पोहोचलो, हे सिद्ध करणेच महाग असते. १९७० ची किल्ली या कुलपाला जशीच्या तशी लागणार नाही.

म्हणूनच मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जन्मलेल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात पारखल्या गेलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराकडे लक्ष द्यायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याची किंमत परदेशातील तशा उपचाराच्या सुमारे दशांश आहे. तरी ती लाखांमध्ये आहे आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे. २००१ मध्ये आपण जेथे होतो, तेथेच एका नव्या औषधासह पुन्हा उभे आहोत: विज्ञानाने आपला वाटा उचलला आहे, खरेदीचा निर्णय बाकी आहे.

आज देश आपल्या सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच पैसा संशोधनावर खर्च करतो. १९५० च्या दशकातील कितीतरी गरीब भारताने प्रयोगशाळा आधी उभारल्या, कायदा नंतर बदलला, आणि त्या क्रमामुळेच कायदा फळाला आला. पुढील पिढीची औषधे आपल्याला परवडतील की नाही, हे आपण आज कोणत्या प्रयोगशाळा, कोणत्या चाचणीशाळा आणि कोणत्या खरेदीव्यवस्था उभ्या करतो यावर ठरेल. आज प्रयोगशाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या निर्णयांत भाग घ्यायचा असेल, तर संश्लेषणाच्या समीकरणांबरोबर एखादा पेटंटविषयक निकाल आणि राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचा एखादा अहवालही त्यांनी मुळातून वाचावा. दोन्ही सार्वजनिक आहेत, आणि वाटतात त्यापेक्षा खूपच वाचनीय आहेत.